वर बघ

रात्रपाळीत सीटीच्या खोलीतला एसी मशीनसाठी असतो,
माणसांसाठी नाही. मी स्वेटर घालून बसते.
बाहेर एप्रिलचं सोलापूर
रात्री दोनलाही तव्यासारखं.

काचेपलीकडे माणूस आडवा होतो,
इकडे पडद्यावर त्याचं डोकं उलगडतं
चकती चकती, मुळ्याच्या कापांसारखं.
अपघातातले, फिट आलेले, पिऊन जिन्यावरून पडलेले,
बहुतेकांच्या मधोमध दिसतोच मला
तो पांढरा ठिपका.

पिनियल. तुरीच्या दाण्याएवढी ग्रंथी.
वय वाढतं तसा तिच्यात चुना साठतो, वाळूच्या कणांसारखा.
तो आजार नव्हे.
जुने डॉक्टर साध्या एक्स-रेत हाच ठिपका शोधायचे.
मधून सरकलेला दिसला तर समजायचं,
एका बाजूनं काहीतरी ढकलतंय.

तिचं मुख्य काम, अंधार पडल्याचं अंगाला सांगणं.
पण ती स्वतः कवटीच्या आत, कायमची काळोखात.
तिला कोण सांगणार?
डोळे सांगतात. पण निरोप सरळ जात नाही,
मेंदूतून उतरत मानेपर्यंत येतो, मग पुन्हा वर चढतो,
जसं विजापूर वेशीतून नव्या पेठेत जायला
कुणी होटगी रोडचा फेरा घ्यावा.
तरी पोचतो रोज.
मग ती रक्तात थेंब थेंब रात्र सोडते.

आमच्या नायनांच्या डोक्यात तिनं तीस वर्षं काय केलं असेल?
संध्याकाळी सात ते सकाळी सात, चार माग, ट्यूबलाइट, कानात कापूस.
सकाळी येऊन पत्र्याखाली झोपायचे,
खिडकीला कारखान्यातलेच डागाळलेले टॉवेल.
आई उंबऱ्यात विड्या वळायची,
आम्हाला दटावायची,
हळू बोला, नायनांची रात्र चाललीय.

तर त्या रात्री दोन वाजता
पवनकुमार म्याकल, वय चौदा.
सकाळी उठल्याउठल्या उलट्या, डोकेदुखी, दोनदा बदललेला चष्मा.
वडील राजमल्लू, मागावरचे जॉबर, पाळी टाकून आलेले.
म्हणाले, गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज आले,
सगळ्या पोरांचे डोळे वर,
आणि हा अख्खी मान मागे टाकून बघतोय.
आम्ही हसलो ताई. कोंबड्यासारखा पाणी पितो, म्हणलो.

मी पोराला म्हटलं, मान हलवू नको, वर बघ.
बुबुळं जागची हलली नाहीत.

पडद्यावर ठिपका होता, पण भोवती गाठ.
पाण्याची वाट दाबलेली,
आतल्या पोकळ्या हिप्परग्याच्या तलावासारख्या तुडुंब.
डोळे वर उचलणारी दोरी तिच्याच पायाशी असते,
ती चेपली गेलेली.

रिपोर्ट मी देत नाही, डॉक्टर देतात,
हे माझं रोजचं वाक्य.
त्यांनी ते विचारलंच नाही.
विचारलं ते वेगळंच:
मी रात्रभर जागतो, म्हणून पोराला झालं का?

याचं उत्तर द्यायचा हक्क मला नव्हता.
तरी दिलं. नाही.
पुन्हा एकदा, मोठ्यानं, मागाच्या आवाजात वाढलेल्या माणसाला
ऐकू जाईल असं: नाही.

ते जिन्याकडे गेले तेव्हा तीन वाजलेले.
फोन वाजला. नायना.
जेवलीस का, म्हणाले.
मागावरून उतरून त्यांना आठ वर्षं झाली.

पवनला हैदराबादला नेलं.
पाण्याला दुसरी वाट काढली, गाठीचा तुकडा तपासला, मग शेक दिले.
या जातीची गाठ शेकानं विरघळते म्हणे, बहुतेकदा.
बहुतेकदा हा शब्द राजमल्लू
खिशातल्या चिठ्ठीसारखा जपतात.

दिवाळीनंतर दिवसपाळीत ते दोघं आले.
पोराच्या डोक्यावर मागच्या बाजूला केस नव्हते,
टोपी उलटी घातलेली.
टेबलावर झोपण्याआधी सवयीनं म्हटलं, वर बघ.

बुबुळं चढू लागली, हळू,
मग थांबली.
राजमल्लूंनी त्याच्या नजरेची रेघ बोटानं हवेत धरली,
भिंतीवर कुठं टेकते ते बघितलं.
म्हणाले, मागच्या महिन्यात खिडकीच्या कडीपाशी अडायची.
आज घड्याळापर्यंत गेली.
पंखा अजून वीतभर वर आहे.